आधी कोण, आधी काय?

नर्सिंगच्या परीक्षेत एक प्रश्न दरवर्षी वेगळे कपडे घालून येतो. वॉर्डात चार रुग्ण आहेत, चौघांनाही तुमची गरज आहे. तुम्ही आधी कोणाकडे जाल? किंवा रुग्ण एकच आहे, करण्यासारखी कामे चार आहेत आणि चारही योग्य आहेत. सर्वप्रथम काय कराल? इथे चुकणाऱ्या मुलीचा अभ्यास कमी पडलेला असतो असे नाही. चारही आजारांची लक्षणे तिला तोंडपाठ असतात. क्रम लावायचा सराव मात्र तिला कोणी दिलेला नसतो.

महाराष्ट्रात एएनएमचा दोन वर्षांचा आणि जीएनएमचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम संपला की राज्याच्या शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची परीक्षा असते. बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षांची पदवी नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ देते. पास झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदले गेले की कायद्याच्या दृष्टीने तुम्ही परिचारिका. अमेरिकेत जायचे असेल तर परवान्यासाठी एनक्लेक्स ही वेगळी परीक्षा द्यावी लागते. तिथे तुमचे उत्तर पाहून संगणक पुढचा प्रश्न सोपा की कठीण ते ठरवतो. पेपर मुंबईत लिहा की परदेशात, गाभा एकच: रुग्णाकडे नीट पाहता येते का, आणि पाहिलेल्याचा क्रम लावता येतो का.

या प्रकरणात आपण त्या गाभ्याची उजळणी करणार आहोत, आणि उदाहरणे घेणार आहोत चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातली. त्याला कारण आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. नाल्यापलीकडच्या टोल्यावरून रुग्णाला खाटेवर घालून आणावे लागते. तज्ज्ञ डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामध्ये इथे काही तास असतात, आणि त्या तासांत रुग्णाजवळ असते ती सिस्टर, एएनएम किंवा आशाताई. मोठ्या शहरात क्रम चुकला तर सावरायला माणसे असतात. इथे बहुधा नसतात.

पूर्ण एक मिनिट

टीपीआर चार्ट भरणे हे पहिल्या वर्षाचे काम म्हणून आपण त्याकडे दुर्लक्ष करतो. प्रौढ माणसाचे आकडे सगळ्यांना माहीत असतात: तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास, नाडी मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २०, ऑक्सिजनची पातळी ९५ टक्के किंवा अधिक. यातला सर्वांत दुर्लक्षित आकडा श्वासाचा. अनेक चार्टांवर सगळ्यांचे श्वास सरसकट २० लिहिलेले असतात, आणि ते न मोजता लिहिले आहेत हे बघताक्षणी कळते. प्रत्यक्षात शरीर बिघडू लागते तेव्हा श्वासाचा वेग बहुतेकदा रक्तदाबाच्या आधी बदलतो. रक्तदाब उतरतो तोवर बराच उशीर झालेला असतो.

लहान मुलांत हा आकडा तर निदानच करतो. खोकला झालेल्या मुलाचे श्वास दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षे ४० किंवा अधिक असतील तर न्यूमोनियाचा संशय घ्यायचा. मूल शांत असताना, पूर्ण एक मिनिट मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. तान्ह्या बाळाचा श्वास मुळातच अनियमित असतो. मोठ्या माणसाचे मोजताना नाडी धरल्यासारखा हात ठेवावा. आपला श्वास मोजला जातोय हे कळले की माणूस तो बदलतो.

एवढ्या साध्या मोजणीने काय होऊ शकते हे गडचिरोलीने दाखवले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था इथे सुरू केली. बालमृत्यूंत न्यूमोनियाचा वाटा मोठा होता आणि गावात डॉक्टर नव्हते. ज्यांना साठपर्यंत अंक येत नाहीत अशा सुईणींनी श्वास कसे मोजायचे? त्यासाठी एक श्वासमापक तयार झाला: एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी मणी संपले तर श्वास जलद, बाळाला औषध हवे. मोजणारीला लिहिता-वाचता येत नसले तरी निदान बरोबर येत होते. गावपातळीवर असे निदान करून प्रतिजैविक दिल्याने न्यूमोनियाचे मृत्यू घटतात, हा या कामाचा निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

एकोणचाळीस गावांचा पुरावा

पुढचा प्रश्न नवजात बाळांचा होता. १९९० च्या दशकात इथली बहुतेक बाळंतपणे घरी होत, आणि जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत हजारातली साठेक बाळे दगावत. ‘सर्च’ने ३९ गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या स्त्रिया निवडल्या, त्यांना आरोग्यदूत म्हणून तयार केले आणि बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी पाठवले. तिसऱ्या वर्षी त्या गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला. डिसेंबर १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. २०११ पासून आशाताईंच्या गृहभेटींच्या रूपाने हीच पद्धत देशभर लागू झाली: दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, आणि घरी जन्मलेल्याकडे पहिल्या दिवशीही.

या स्त्रियांना जे शिकवले ते तुमच्या पुस्तकातल्या नवजात शिशू परिचर्येपेक्षा फार वेगळे नव्हते. बाळ जन्मताच कोरडे पुसायचे, कोरड्या कपड्यात गुंडाळायचे, आईच्या अंगाला लावायचे. पहिल्या तासात अंगावर पाजायचे. नाळेला काहीही लावायचे नाही. पहिल्या दिवशी आंघोळ नाही. वजन करायचे, अडीच किलोपेक्षा कमी असेल तर ऊब, वारंवार पाजणे आणि जास्त भेटी. बाळ रडले नाही, तर पहिल्या मिनिटातच पुसणे, मान योग्य स्थितीत ठेवणे, पाठ चोळणे. तरीही श्वास नसेल तर पिशवी-मुखवट्याने मिनिटाला ४० ते ६० श्वास देणे. यातला क्रम लक्षात ठेवा. ऊब आणि श्वास आधी. वजन, खूणपट्टी, नोंदी नंतर.

आता परीक्षेतला आवडता सापळा. ‘नवजात बाळाला ताप नाही, म्हणून जंतुसंसर्ग नाही’ हे विधान बरोबर की चूक? चूक. मोठ्या माणसाचे अंग संसर्गात तापते. नवजात बाळाचे कित्येकदा गार पडते. दूध ओढणे कमी झाले, रडणे क्षीण झाले, हातपाय ढिले पडले, पोट फुगले, छाती आत ओढली जाऊ लागली, नाळेतून पू आला, अंग गार लागले: या खुणा दिसल्या की ताप येण्याची वाट पाहायची नाही. काल नीट पिणारे बाळ आज पीत नाही, हे आईचे वाक्य नवजात वॉर्डातल्या सर्वांत महत्त्वाच्या नोंदींपैकी एक आहे. ते तिच्याच शब्दांत, वेळेसह लिहा.

रात्रीचे चार रुग्ण

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. प्राथमिक आरोग्य केंद्र, पहाटेचे चार. डॉक्टर शस्त्रक्रियेच्या रुग्णाला घेऊन पुढच्या रुग्णालयात गेले आहेत. ड्युटीवर तुम्ही, एक एएनएम आणि एक परिचर. समोर चौघे.

एक: विशीतला तरुण. जमिनीवर झोपला होता, पोटात दुखून जाग आली. आता पापण्या उघडत नाहीत, लाळ गिळता येत नाही. अंगावर जखम दिसत नाही.

दोन: चार तासांपूर्वी बाळंत झालेली स्त्री. पंधरा मिनिटांत पॅड पूर्ण भिजले. नाडी १२४. ती गप्प आहे.

तीन: सिकलसेलची बारा वर्षांची मुलगी. पाय दुखतात म्हणून मोठ्याने रडते आहे. तापमान ३७.२, ऑक्सिजन ९६ टक्के.

चार: नडगीवर कुऱ्हाड लागलेला माणूस. पट्टीने रक्त थांबले आहे. सोबतचे नातेवाईक आधी आमचे बघा म्हणून ओरडत आहेत.

क्रम लावायची सूत्रे तीन आहेत. श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण या क्रमाने धोका बघा. अस्थिर रुग्ण स्थिर रुग्णाच्या आधी. आणि जिवावरचा धोका वेदनेच्या आधी, वेदना सोयीच्या आधी. आवाज कोणाचा मोठा, हे सूत्र यादीत नाही. जो ओरडू शकतो त्याचा श्वासमार्ग निदान मोकळा तरी आहे.

पहिला तरुण मण्याराच्या दंशाचा आहे असे समजून चालायचे. मण्यार रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्याला चावतो, दात इतके बारीक की खूण दिसतेच असे नाही, सूज आणि आगही फारशी नसते. पोटदुखी, मग जड पापण्या, मग गिळायला त्रास, मग श्वास बंद. म्हणून ‘जखम नाही’ ही माहिती इथे दिशाभूल करणारी आहे. त्याला कुशीवर घ्या, तोंडातली लाळ ओढून काढा, ऑक्सिजन लावा, पिशवी-मुखवटा उशाशी तयार ठेवा, सलाईनची शीर मिळवा.

दुसरी स्त्री त्याच मिनिटाची मानकरी आहे. म्हणून तुम्ही तरुणाकडे वळतानाच एएनएमला सांगायचे: गर्भाशय चोळ, मूत्राशय रिकामे कर, शीर मिळव, ऑक्सिटोसिन दहा युनिट स्नायूत दे. परिचराने १०८ ला आणि डॉक्टरांना फोन लावायचा. काम सोपवण्याचा नियम परीक्षेत हमखास येतो: योग्य काम, योग्य व्यक्ती, योग्य परिस्थिती, स्पष्ट सूचना आणि नंतर पाठपुरावा. परिचराला फोन, स्ट्रेचर, नमुने नेणे ही कामे देता येतात. रुग्णाची अवस्था ठरवणे, औषध देणे आणि निर्णय घेणे त्याच्यावर सोपवता येत नाही. आणखी एक बारकावा: ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. वीज वारंवार जाणाऱ्या केंद्रात फ्रिजचे तापमान रोज पाहणे हेसुद्धा बाळंतिणीचा जीव वाचवण्याचेच काम आहे.

तिसरी मुलगी तिसरी, आणि तिला ताटकळत ठेवायचे नाही. तिच्याबद्दल पुढे सविस्तर येईल. चौथ्याची पट्टी पुन्हा तपासायची, पाय उंच ठेवायचा, टिटॅनसची लस विचारायची.

आता प्रश्न थोडा बदला. मुलीचा ताप ३८.८ आहे, छातीत दुखते आहे, ऑक्सिजन ८९ वर आला आहे. लगेच ती पहिल्या दोघांच्या रांगेत जाते, कारण आता प्रश्न फुप्फुसाचा आहे. क्रम आजाराच्या नावाने ठरत नाही, रुग्णाच्या या क्षणीच्या अवस्थेने ठरतो. परीक्षक हाच एक आकडा बदलून प्रश्न फिरवतात.

साप: पुस्तकातले चार, पेपरातले तीन मुद्दे

महाराष्ट्रात जीव घेणारे मुख्य साप चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. पहिल्या दोघांचे विष मज्जासंस्थेवर, उरलेल्या दोघांचे रक्त गोठण्यावर. तेंदूपत्त्याचा हंगाम, मोहफुलांची वेचणी आणि धानाची रोवणी, म्हणजे ज्या काळात माणसे पहाटेपासून जंगलात आणि बांधीत असतात, त्या काळात ही पाने पुन्हा वाचा.

पेपरात तीन मुद्दे येतात. पहिला: आवळून बांधणे, कापणे, चोखणे नाही, अवयव हलू न देता रुग्णाला धीर देऊन दवाखान्यात आणणे. दुसरा: वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेऊन न हलवता वीस मिनिटे उभे ठेवायचे. नळी तिरपी केल्यावर रक्त वाहिले तर गोठण्यात बिघाड आहे. नळी प्लॅस्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल तर निष्कर्ष चुकतो. तिसरा: लहान मुलाला प्रतिविषाचा डोस किती? प्रौढाइतकाच. सापाने विष मुलाचे वय बघून कमी सोडलेले नसते. सुरुवातीचा डोस साधारण दहा कुप्यांचा.

प्रतिविष चालू असताना तुम्ही उशाशी हव्यात. पित्त उठले, घरघर सुरू झाली, रक्तदाब पडला, तर पहिले काम ठिबक थांबवणे, दुसरे काम अॅड्रेनालिन. प्रौढाला अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत. अॅड्रेनालिन भरलेली सिरिंज प्रतिविष लावण्याआधीच ट्रेमध्ये असली पाहिजे.

आणि पुस्तकात एका ओळीत उरकलेली गोष्ट: मण्याराच्या विषाने पूर्ण लुळा पडलेला माणूस शुद्धीवर असू शकतो. डोळे उघडत नाहीत, बोट हलत नाही, पण तो ऐकतो. पिशवीने श्वास देत राहिले तर असे रुग्ण उठून घरी जातात. त्याच्या खाटेपाशी ‘आता काही राहिले नाही’ असे कोणी बोलू नये, हे पाहणे परिचर्येतच येते.

सिकलसेल: रुग्णाच्या शब्दावर विश्वास

चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेल ही रोजची गोष्ट आहे. एका जनुकातल्या बदलाने तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी झाला की वाकड्या आणि कडक होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. थंडी, पाणी कमी पडणे, संसर्ग, अतिश्रम या चार गोष्टी झटका आणतात. त्यावरून परिचर्या आपोआप निघते: भरपूर पाणी, ऊब, विश्रांती, संसर्गावर नजर. दुखऱ्या सांध्यावर बर्फ ठेवणे हा पर्याय दिसला तर खोडा. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात. ऑक्सिजन पातळी कमी असेल तरच ऑक्सिजन. आणि ताप आला तर तो साधा ताप समजायचा नाही, कारण अशा रुग्णाची प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते आणि जंतूंना अडवणारी एक भिंत पडते.

वेदनेचे काय? सिकलसेलच्या मुलीच्या पायाला सूज नसते, एक्स-रे साफ असतो, आणि ती या महिन्यात दुसऱ्यांदा आलेली असते. ‘नाटक करते’ हा शेरा इथेच जन्मतो. अमेरिकेतल्या परिचारिका मार्गो मॅककॅफरी यांनी १९६८ मध्ये मांडलेला विचार जगभरच्या नर्सिंगने स्वीकारला: वेदना किती आहे हे रुग्ण सांगेल तेच खरे. शून्य ते दहा विचारा, लहान मुलांना चेहऱ्यांची चित्रे दाखवा, औषध द्या, अर्ध्या ते एक तासाने पुन्हा विचारा आणि दोन्ही आकडे लिहा. दुसरा आकडा लिहिला नाही तर काम अर्धेच झाले.

आनुवंशिकतेचा प्रश्नही ठरलेला. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. ‘पहिल्याला झाला, म्हणजे पुढचे तीन सुटले’ हा हिशेब चुकीचा. प्रत्येक वेळी फासा नव्याने पडतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून देशव्यापी सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले, त्याचे लक्ष्यवर्ष २०४७ आहे. चाचणीचे कार्ड समजावून सांगण्याचे काम बहुतांशी सिस्टरकडेच येते, म्हणून वाहक आणि रुग्ण यांतला फरक तुम्हाला सोप्या शब्दांत सांगता आला पाहिजे. वाहकाला आजार नसतो. हे वाक्य न सांगितल्याने लग्ने मोडतात.

औषध देताना

राज्यातल्या हिवतापाचे मोठे ओझे गडचिरोलीवर राहिले आहे, आणि औषध देण्याचे नियम शिकायला हिवतापाइतके चांगले उदाहरण नाही. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, योग्य नोंद. गावातल्या शिबिरात एकाच नाव-आडनावाची दोन माणसे रांगेत असतात, म्हणून नावाबरोबर वय किंवा वडिलांचे-नवऱ्याचे नाव विचारायचे. ‘तुम्ही अमुक का?’ असे विचारू नका. तापाने ग्लानीत असलेला माणूस कशालाही हो म्हणतो. नाव त्याच्या तोंडून यायला हवे.

फॅल्सिपॅरमला तीन दिवसांचा एसीटीचा कोर्स, व्हायव्हॅक्सला क्लोरोक्विन आणि चौदा दिवस प्रायमाक्विन. गरोदर स्त्री आणि तान्हे बाळ यांना प्रायमाक्विन नाही, आणि जी-६-पीडीची कमतरता असलेल्याच्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात. लघवी काळपट झाली की गोळी बंद करून लगेच यायचे, हे सांगितल्याशिवाय पाकीट हातात देऊ नये. ताप दुसऱ्या दिवशी उतरतो आणि रुग्ण गोळ्या सोडून कामाला जातो. त्यामुळे ‘कोर्स पूर्ण करा’ एवढे सांगून पुरत नाही. गोळ्या का उरवायच्या नाहीत ते त्याच्याच तोंडून ऐकून घ्या. बेशुद्ध हिवताप रुग्णात मेंदूचा विचार करण्याआधी रक्तातली साखर तपासा. ती घसरलेली असू शकते, आणि तिचा उपाय तुमच्या हाताशी आहे.

ठिबकाचे गणितही इथेच करून टाकू. ५०० मिली सलाईन चार तासांत द्यायचे आहे, सेट २० थेंबांना एक मिलीचा. ५०० गुणिले २० म्हणजे १०,०००, भागिले २४० मिनिटे, उत्तर सुमारे ४१.७, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. मायक्रो सेट असेल तर ६० थेंबांना एक मिली, आणि तेव्हा मिलीलिटर प्रतितास हाच थेंब प्रतिमिनिट होतो. उत्तर काढल्यावर स्वतःला विचारा: हे शक्य कोटीतले आहे का? मिनिटाला ४२० थेंब आले तर चूक सलाईनची नाही.

हात, त्वचा आणि स्पर्श

हात धुण्याचे पाच क्षण जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिले आहेत: रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक कामापूर्वी, शरीरद्रवाशी संपर्क आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यावर, आणि त्याच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावल्यावर. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, अल्कोहोल द्रावाने २० ते ३०. हातमोजे घातले म्हणून हात धुणे सुटत नाही. सुईला टोपण परत लावायचे नाही. कचऱ्याचे रंग: रक्ताळलेले कापूस-बँडेज पिवळ्या पिशवीत, सलाईन सेट आणि कॅथेटर लाल, सुया न भोसकणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काच निळ्या खोक्यात.

त्वचेची परिचर्या म्हटले की चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याचे नाव घ्यावेच लागते. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि तिथून आनंदवन उभे राहिले. कुष्ठरोग बहुविध औषधांनी बरा होतो, पण गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. तळव्याला काटा टोचला तरी कळत नाही, जखम चिघळते, बोटे झिजतात. म्हणून रोज पाय पाहणे, पाण्यात भिजवणे, घट्टे घासणे, ओलसर त्वचेला तेल लावणे, मऊ तळाची चप्पल. हेच तत्त्व मधुमेहाच्या पायाला आणि खिळून पडलेल्या रुग्णाच्या पाठीलाही लागू पडते: जिथे जाणीव नाही तिथे डोळ्यांनी पाहायचे. खाटेवरच्या रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदला. लाल झालेली जागा बोटाने दाबल्यावर पांढरी होत नसेल तर तो दाबव्रणाचा पहिला टप्पा आहे. तिथे मालिश करू नका.

विचारायचे कसे

१९८९ मध्ये बंग दांपत्याचा गडचिरोलीतल्या दोन गावांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्क्यांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्यांतल्या फार थोड्यांनी आधी कधी उपचार घेतले होते. दुखणे होते, विचारणारे आणि ऐकून घेणारे कोणी नव्हते. आजही काही माडिया-गोंड गावांत पाळीच्या दिवसांत बायका कुर्माघरात राहतात. तिथल्या स्त्रीला रक्तस्राव किती आणि किती दिवस, हे तिच्या रिवाजाला नावे न ठेवता विचारता आले तरच खरे उत्तर मिळते.

भाषेचा प्रश्न वेगळा. भामरागडला माडिया, सिरोंच्याला तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगढी, चामोर्शी-मुलचेऱ्यात बंगाली. दुभाषा हवाच, पण घरातले मूल किंवा नवरा दुभाषा म्हणून घेऊ नये. गोपनीयता आणि अचूकता दोन्ही जातात. बोलताना दुभाष्याकडे नाही, रुग्णाकडे पाहायचे. तंबाखूच्या व्यसनाबद्दलही नावे न ठेवता विचारायचे. ‘खर्रा खाता का?’ यापेक्षा ‘दिवसाला किती खर्रे होतात?’ असे विचारले की उत्तर सरळ येते, आणि तोंड उघडून पाहण्याची सवय लागली तर पांढरा चट्टा वेळेत सापडतो.

उजळणी कशी करावी

पाने पुन्हा पुन्हा वाचल्याने ओळख वाढते, आठवण वाढत नाही. पुस्तक बंद करा आणि स्वतःला प्रश्न घाला. अडले तर उघडा. आजाराच्या नावापासून लक्षणांकडे जाण्याची सवय आपल्याला असते, पण रुग्ण लक्षण घेऊन येतो. म्हणून उलटे चाला: ‘जड पापण्या’ लिहा आणि कारणे आठवा. प्रत्येक कारणापुढे पहिले काम एकच लिहा. मैत्रिणीला ओव्हर देता तसे तोंडी सांगा: रुग्ण कोण, झाले काय, आत्ता स्थिती काय, आता काय हवे. चार वाक्यांत बसले नाही तर तुम्हाला ते अजून नीट समजलेले नाही.

प्रश्न वाचताना ‘सर्वप्रथम’, ‘सर्वांत महत्त्वाचे’, ‘वगळून’ या शब्दांखाली रेघ मारा. पर्यायात ‘डॉक्टरांना कळवा’ असेल तर थांबा: त्याआधी तुम्ही करू शकाल असे जीव वाचवणारे काम उरले आहे का? असेल तर ते आधी. काहीच उरले नसेल तर कळवणे हेच उत्तर. आणि माहिती अपुरी असेल तर कृतीआधी तपासणी.

नोंदणी झाल्यावरही हा अभ्यास सुटत नाही. परिषदेचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते आणि त्यासाठी शिक्षणाचे तास भरावे लागतात. पण त्याची वाट पाहू नका. आजच्या ड्युटीवर निदान एका रुग्णाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, आणि चार्टवर तोच आकडा लिहा.